खोपट किती दिवस रिकामं ठेवायचं?

आजच्या भाषणाचा विषय ऐकून काही श्रोत्यांनी रेडिओचा आवाज मोठा केला असेल, तर काहींना हसू आलं असेल. कवी माणूस, त्यातून मुसलमान, आणि बोलणार कशावर, तर डुकराच्या विषाणूवर! आमच्या घरात या प्राण्याचं नावही घेत नसत. आजी ‘बद जानवर’ म्हणायची आणि तेवढ्यानंही तिला चूळ भरावीशी वाटायची. तरी हा विषय मी मागून घेतला आहे. त्याचं कारण लहानपणी कानावर पडलेला एक प्रश्न. आमच्या दारात उभं राहून एका माणसानं तो विचारला होता आणि माझ्या वडिलांजवळ त्याचं उत्तर नव्हतं.

आमची चुन्याची वखार होती. गाव तालुक्याचं, वखार ओढ्याच्या अलीकडे. पलीकडच्या काठावर टोपल्या विणणाऱ्या कैकाड्यांची पाच-सहा घरं होती. ते डुकरं पाळत. त्यांतल्या एका वयस्कर गृहस्थांना सगळे नाना म्हणत. १९८०च्या आसपासची गोष्ट. एका पावसाळ्यात नानांची डुकरं पटापट मेली. ताप आला, कानांवर लाल-जांभळे डाग उठले आणि चार दिवसांत सगळं संपलं. नाना आमच्या वखारीवर आले. उंबऱ्याबाहेरच उभे राहिले.

‘‘भाई, समदी जित्राबं गेली. भितींना चुना लावावा म्हंतो.’’

वडील म्हणाले, ‘‘घेऊन जा नाना. पैशाचं मागाहून बघू.’’

जाता जाता नाना वळले. ‘‘भाई, योक सांगा. ह्यो रोग भितीत किती दिस ऱ्हातो? नवी पिल्लं कवा आनू?’’

वडिलांनी आभाळाकडे बोट दाखवलं. ‘‘त्यालाच ठाऊक,’’ म्हणाले. मग मागच्या ढिगातली दोन पोती फक्की भरून दिली. तो ढीग आदल्या वर्षीचा होता. फुकट द्यायचा माल म्हणून हात त्या ढिगाकडे गेला असेल. नानांनी खोपट पांढरंशुभ्र केलं, तीनेक आठवडे थांबले आणि उधारीवर नवी पिल्लं आणली. तीही मेली. दिवाळीच्या आत ते घर गाव सोडून गेलं.

हे सगळं मी विसरलो होतो. ते आठवलं २०२०च्या उन्हाळ्यात. करोनाची टाळेबंदी होती. माणसांच्या विषाणूखेरीज वर्तमानपत्रात दुसरी बातमी नव्हती. त्या गर्दीत एक छोटी बातमी दिसली, आसाममध्ये डुकरं मरत असल्याची. मे महिन्यात भोपाळच्या प्राणीरोग प्रयोगशाळेनं निदान पक्कं केलं. रोगाचं नाव आफ्रिकन स्वाइन फीवर. भारतात तो पहिल्यांदाच आला होता. म्हणजे नानांच्या खोपटातला रोग हा नव्हता. तो बहुधा आपल्याकडचा जुना डुकरज्वर असावा. पण बातमीतली लक्षणं वाचली आणि नानांचा प्रश्न जसाच्या तसा कानात वाजला. टाळेबंदीत वेळच वेळ होता. मी या रोगाचा इतिहास शोधत बसलो.

सुरुवातीलाच एक गोंधळ दूर करतो. २००९मध्ये पुण्यात ज्या स्वाइन फ्लूनं आपली झोप उडवली होती, तो हा नव्हे. तो माणसाला होणारा फ्लू. त्याचा विषाणू टेबलावर, दाराच्या मुठीवर एखाद-दोन दिवसांत निकामी होतो. आफ्रिकन स्वाइन फीवर माणसाला होत नाही. तो फक्त डुकरांना आणि रानडुकरांना होतो, पण झाला तर बहुतेक जनावरं आठवड्या-दीड आठवड्यात मरतात. आणि त्याचा विषाणू दिवसांचा हिशेब मानत नाही. काही ठिकाणी तो वर्षानुवर्षं टिकतो.

ही कहाणी सुरू होते केनियात. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तिथं गोरे शेतकरी वसाहत करायला आले, आणि येताना युरोपातली गुबगुबीत डुकरं घेऊन आले. ती मरू लागली. नैरोबीजवळच्या प्रयोगशाळेत रॉबर्ट युस्टेस माँटगोमेरी नावाचा पशुवैद्य होता. त्यानं अनेक वर्षं या साथींचा पाठपुरावा केला आणि १९२१मध्ये निबंध प्रसिद्ध केला. रोगाच्या तडाख्यात सापडलेल्या कळपांत जवळजवळ ९९ टक्के डुकरं मेली होती. नेहमीच्या युरोपीय डुकरज्वराहून हा रोग वेगळा आहे, हे त्यानं दाखवलं. शिवाय त्याचा संशय वॉर्टहॉग नावाच्या सुळेवाल्या आफ्रिकी रानडुकरावर गेला. वॉर्टहॉगच्या अंगात हा विषाणू असतो, पण त्याला काही होत नाही. हजारो वर्षांच्या शेजारानं दोघांनी एकमेकांशी जमवून घेतलं होतं. अडचण झाली ती बाहेरून आणलेल्या पाहुण्या डुकरांची.

पण वॉर्टहॉगकडून पाळीव डुकराकडे विषाणू जातो कसा? याचं उत्तर मिळायला जवळपास पन्नास वर्षं गेली. १९६९मध्ये वॉल्टर प्लोराइट आणि त्याच्या सहकाऱ्यांनी वॉर्टहॉगची बिळं तपासली. त्या बिळांत मऊ पाठीच्या गोचिडी राहतात. विषाणू त्या गोचिडींत होता. गोचीड थोडाच वेळ रक्त पिते, मग भिंतीच्या फटीत जाऊन बसते आणि पुढचं जेवण मिळेपर्यंत महिनोन्‌महिने उपाशी राहू शकते. विषाणूला असं चालतंबोलतं कोठार मिळालं होतं.

या प्लोराइटचं आणखी एक काम आपल्याला जवळचं आहे. बुळकांडीवरची उत्तम लस यानंच तयार केली. बुळकांडी हा शब्द आता शहरी कानांना अनोळखी वाटेल. पण जुन्या शेतकऱ्यांना विचारा, त्या रोगानं गोठेच्या गोठे रिकामे केले होते. त्याचा शोध घेण्यासाठीच १८८९मध्ये पुण्यात सरकारी जंतुशास्त्र प्रयोगशाळा सुरू झाली आणि १८९३मध्ये ती हिमालयात मुक्तेश्वरला हलली. ती बुळकांडी आज जगात नाही. २००६मध्ये भारत आणि २०११मध्ये सगळं जग तिच्यापासून मुक्त झाल्याचं जाहीर झालं. माणसानं देवीनंतर संपवलेला हा दुसराच रोग.

बुळकांडी गेली आणि डुकरांचा हा रोग का जात नाही? चांगली लस हे एक कारण झालं. दुसरं कारण असं की बुळकांडीचा विषाणू नाजूक होता. जनावराच्या अंगाबाहेर, उन्हात, कुरणावर तो काही तासांत मरायचा. त्याला एका जिवंत जनावराकडून दुसऱ्या जिवंत जनावराकडे लगोलग जावं लागे. ती साखळी तोडली की तो संपला. डुकरांच्या या विषाणूला अशी घाई नाही. तो वाट बघू शकतो. आणि तो कुठं वाट बघत बसतो, हे पाहिलं की या रोगाचा निम्मा इतिहास कळतो.

१९५७मध्ये हा विषाणू आफ्रिकेबाहेर पडला. तो उतरला लिस्बनला. तिथल्या विमानतळाजवळ डुकरं पाळली जात, आणि विमानांत उरलेलं अन्न त्यांना घातलं जाई. पोर्तुगालच्या वसाहती तेव्हा आफ्रिकेत होत्या. कुणाच्या तरी ताटात उरलेला मांसाचा तुकडा डुकरांच्या डोणीत पडला. ती साथ आटोक्यात आली, पण १९६०मध्ये रोग पुन्हा आला आणि सीमा ओलांडून स्पेनमध्ये घुसला. त्याला तिथून काढायला पस्तीस वर्षं लागली.

एवढा वेळ का लागला? पोर्तुगाल आणि स्पेनच्या दक्षिण भागात डुकरं मोकळी चरतात, रात्री दगडी भिंतींच्या जुन्या खोपटांत येतात. त्या भिंतींच्या फटींत तिथल्या जातीच्या मऊ गोचिडी होत्या. सांचेस बोतिखा या स्पॅनिश संशोधकानं १९६३मध्ये दाखवून दिलं की या गोचिडीही विषाणू बाळगतात. म्हणजे डुकरं मारली, पुरली, शेण उपसलं, तरी भिंत आजारीच राहायची. पुढे पोर्तुगालमध्ये रिकाम्या केलेल्या खोपटांतल्या गोचिडी गोळा करून तपासल्या. डुकरं जाऊन पाच वर्षांहून अधिक काळ लोटल्यावरही काही गोचिडींत जिवंत विषाणू मिळाला.

‘‘ह्यो रोग भितीत किती दिस ऱ्हातो?’’ नानांनी भिंतीबद्दलच विचारलं होतं. आपल्याकडच्या रोगात गोचिडीचा असा हात नसतो. पण प्रश्न किती नेमका होता, हे मला हे वाचताना कळलं.

दुसरं कोठार माणसानं स्वतः बांधलेलं आहे. ते म्हणजे मीठ आणि थंडी. मांस टिकवण्यासाठी आपण जे जे करतो, त्यानं विषाणूही टिकतो. रोगट जनावराचं रक्त शीतपेटीच्या तापमानाला ठेवलं, तर त्यात तो दीड वर्ष जगू शकतो. गोठवलेल्या मांसात वर्षानुवर्षं. स्पेन आणि इटलीत डुकराची मांडी मिठात मुरवून महिनोन्‌महिने टांगून ठेवतात. हे तिथलं मानाचं खाणं, मोठ्या निर्यातीचा माल. रोगाच्या काळात परदेशांनी विचारलं, या मांडीत विषाणू नाही कशावरून? मग रोगट डुकरांच्या मांड्या मुरवून प्रयोग झाले. स्पेनच्या इबेरियन प्रकारात १४० दिवसांनी विषाणू सापडेनासा झाला. इटलीच्या पार्मा प्रकारात तो पूर्ण गेल्याची खात्री व्हायला ३९९ दिवस लागले. वर्षाहून जास्त.

याउलट शिजवण्यापुढे त्याचं काही चालत नाही. मांसाचा आतला भाग ७० अंश तापमानावर अर्धा तास राहिला की विषाणू संपतो. ऊनही त्याला सोसत नाही. २०१७मध्ये ब्रिटनमधल्या संशोधकांनी रोगट डुकरांच्या शेणावर प्रयोग केले. चार अंशांच्या गारव्यात विषाणू साधारण आठ दिवस टिकला, ३७ अंशांवर जेमतेम चार दिवस. २०२०मध्ये जर्मनीतल्या शास्त्रज्ञांनी वेगवेगळ्या मातीत रोगट रक्त मिसळून पाहिलं. निर्जंतुक वाळूत विषाणू तीन आठवडे जगला, अंगणातल्या मातीत आठवडाभर, दलदलीच्या मातीत तीन दिवस. जंगलातल्या आंबट मातीत तो लगेच नाहीसा झाला. त्यांनी मातीत चुना मिसळूनही पाहिला. चुना मिसळताच विषाणू पूर्ण निकामी झाला.

तो परिच्छेद मी दोनदा वाचला. ज्याच्या वडिलांची चुन्याची वखार होती, तो दुसरं काय करणार? चुन्यानं रोग मरतो, हे आमच्या गावातही सगळ्यांना माहीत होतं. पण चुना कसा, कुठं आणि कधी, हे तिथं लिहिलेलं होतं. ताज्या चुन्याची आग, म्हणजे अल्कली, विषाणूला मारते. भिंतीवर रक्ताचा, शेणाचा थर असेल तर तो थर विषाणूचं चिलखत होतो. म्हणून आधी खरवडून, धुऊन काढायचं, मग चुना. आणि चुना ताजाच हवा. हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून तो हळूहळू खडूसारखा होतो. दिसायला पांढरा, पण आग गेलेली. असा चुना भिंत पांढरी करतो, बाकी काही करत नाही.

वडिलांना रसायनशास्त्र माहीत नव्हतं, पण हे माहीत होतं. चुन्याच्या धंद्यातल्या कुठल्याही माणसाला ते माहीत असतं. नानांची दुसरी पिल्लं मेल्यावर ते एकदा आईला म्हणाले होते, ‘‘मी जुन्यातला दिला.’’ आई म्हणाली, ‘‘फुकट तर दिलात.’’ त्यावर ते काही बोलले नाहीत. त्या वेळी मला वाटलं होतं, हे हिशेबाचं बोलणं आहे.

आता कहाणीतल्या सगळ्यात कडू प्रकरणाकडे येतो. १९७८मध्ये हा विषाणू कॅरिबियन समुद्रातल्या डोमिनिकन रिपब्लिकमध्ये पोहोचला आणि १९७९मध्ये त्याच बेटावरच्या शेजाऱ्याकडे, हैतीमध्ये. हैतीचा शेतकरी गरिबातला गरीब. त्याच्याकडे काळी, लहान चणीची, काटक डुकरं असत. ती उकिरडा, फळांची सालं, उसाचं चिपाड यांवर जगत. त्यांना ना छप्पर लागे, ना विकतचं खाद्य. शेतकऱ्यासाठी ते डुक्कर म्हणजे बँक होती. शाळेची फी भरायची, लग्न काढायचं, मयतीचा खर्च आला की डुक्कर विकायचं. आपल्याकडे अडल्यानडल्या बाईची शेळी असते ना, तसंच.

अमेरिकेला भीती होती की हा रोग समुद्र ओलांडून आपल्या डुकरांपर्यंत येईल. भीती खोटी नव्हती. अमेरिकेच्या पैशानं आणि पुढाकारानं मोहीम ठरली. १९८२ आणि १९८३ या दोन वर्षांत हैतीतलं एकूण एक डुक्कर मारण्यात आलं. तोवर साथीतून वाचलेली, धडधाकट डुकरंसुद्धा मारली. भरपाई ठरली होती, पण अनेकांच्या हाती ती पोहोचलीच नाही. मग अमेरिकेतून गोरी, मोठ्या अंगाची डुकरं आली. त्यांना स्वच्छ पाणी लागे, विकतचं खाद्य लागे, छप्पर आणि पक्की फरशी लागे. शेतकऱ्याच्या घराला जे नव्हतं ते त्या डुकरांना हवं होतं. हैतीचे लोक त्यांना ‘चार पायांचे राजपुत्र’ म्हणू लागले. बहुतेकांना ती पोसवली नाहीत. मुलांच्या शाळा सुटल्या. १९८६मध्ये दुव्हालिए घराण्याची सत्ता उलथली, त्यामागच्या असंतोषात या डुकरांचाही वाटा होता, असं हैतीचा इतिहास लिहिणारे सांगतात.

विषाणूच्या दृष्टीनं पाहिलं तर मोहीम यशस्वी झाली. हैतीतून रोग गेला. मग २०२१मध्ये तो पुन्हा त्याच बेटावर आला, आधी डोमिनिकन रिपब्लिकमध्ये आणि दोनच महिन्यांत हैतीत.

त्या मानानं स्पेनची गोष्ट शिकण्यासारखी आहे. १९८५पासून तिथं पद्धतशीर कार्यक्रम हाती घेतला. प्रत्येक कळपाच्या रक्ताची तपासणी, जुनी गोचिडींची खोपटं बंद करणं आणि डुक्कर मारलं तर मालकाला पुरेशी भरपाई. भरपाई मिळते म्हटल्यावर शेतकरी रोग लपवीनासा झाला. १९९५पर्यंत स्पेन मोकळा झाला. इटलीच्या सार्डिनिया बेटावर मात्र १९७८मध्ये आलेल्या या रोगाचे शेवटचे निर्बंध उठायला २०२४ साल उजाडलं. तिथं सामायिक कुरणांवर मोकाट डुकरं सोडायची जुनी रीत होती, आणि सरकारी माणसांवर लोकांचा विश्वास नव्हता. एकच विषाणू, पण एका ठिकाणी पस्तीस वर्षं आणि दुसऱ्या ठिकाणी सेहेचाळीस. मधली अकरा वर्षं विषाणूच्या खात्यावर मांडता येणार नाहीत.

एकविसाव्या शतकात त्याचा नवा प्रवास सुरू झाला. २००७मध्ये तो जॉर्जिया देशात दिसला. काळ्या समुद्रावरच्या पोती बंदरात जहाजांतून उतरवलेल्या उष्ट्या अन्नातून तो आला असं मानलं जातं. पन्नास वर्षांपूर्वी लिस्बनला घडलं, तेच पुन्हा. विमानाच्या जागी जहाज, एवढाच फरक. तिथून रशिया, २०१४मध्ये पोलंड आणि बाल्टिक देश. थंड प्रदेशात मेलेलं रानडुक्कर बर्फात गोठून पडतं आणि वसंतात बर्फ वितळला की दुसरी रानडुकरं ते हुंगायला येतात. २०१८च्या ऑगस्टमध्ये तो चीनमध्ये पोहोचला. जगातली जवळपास निम्मी डुकरं तेव्हा चीनमध्ये होती. वर्षभरात तिथल्या कळपांची संख्या सुमारे चाळीस टक्क्यांनी घटली. व्हिएतनामनं एकट्या २०१९मध्ये साठ लाखांच्या आसपास डुकरं गमावली. जपान, तैवान, कोरियाच्या विमानतळांवर प्रवाशांच्या पिशव्यांतल्या मांसाच्या पदार्थांत विषाणूचे अंश सापडू लागले. आणि २०२५च्या नोव्हेंबरात स्पेनमध्येच, बार्सिलोनाजवळच्या टेकड्यांवर, मेलेल्या रानडुकरांत तो पुन्हा आढळला. १९९४नंतर पहिल्यांदाच.

या प्रवासात आपला ईशान्य भारत आला २०२०मध्ये. आसामात डुकरं पाळणारी बहुतेक कुटुंबं लहान. दोन-चार जनावरं, घरामागं बांबूचं खोपट, घरातलं उरलंसुरलं हेच खाद्य. मेलेली डुकरं ब्रह्मपुत्रेतून वाहत जाताना लोकांनी पाहिली. काझीरंगाच्या जंगलात रानडुकरांना गावाकडे येण्यापासून रोखायला वन खात्यानं दोन किलोमीटर लांबीचा चर खणला. २०२१मध्ये मिझोराममध्ये तीस हजारांहून अधिक डुकरं मेली. तिथं डुक्कर नसेल तर सण होत नाही, लग्न होत नाही. व्हिएतनामनं २०२२मध्ये या रोगावर पहिली लस मंजूर केली, पण तिच्या सुरक्षिततेबद्दल शंका निघाल्या. बुळकांडीसारखी भरवशाची लस अजून हाती आलेली नाही. तोवर औषध एकच; स्वच्छता, शिजवलेलं खाद्य आणि रिकामं खोपट.

मग खोपट रिकामं ठेवायचं तरी किती दिवस? नानांच्या प्रश्नाला आज उत्तर आहे. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेनं या रोगाच्या बंदोबस्तासाठी पुस्तिका काढली आहे. तिच्यात म्हटलं आहे: जनावरं काढल्यावर खोपट खरवडा, धुवा, निर्जंतुक करा आणि निदान चाळीस दिवस रिकामं ठेवा. त्यानंतरही एकदम सगळा कळप आणू नका. नेहमीच्या संख्येच्या साधारण दहा टक्के डुकरं आधी सोडा. ती पहारेकरी. सहा आठवडे त्यांच्यावर लक्ष ठेवा. ती धड राहिली, तर पुढची आणा. जिथं गोचिडी भिंतीत राहतात, तिथं मात्र हा हिशेब चालत नाही. तिथं ती भिंतच सोडून द्यावी लागते.

चाळीस दिवस. आमच्याकडे माणूस गेला की चाळिसावा करतात. परदेशातून आलेली जहाजं व्हेनिसच्या बंदराबाहेर चाळीस दिवस थांबवत, त्यावरून क्वारंटाइन हा शब्द आला. जुन्या माणसांनी विषाणू पाहिला नव्हता, पण थांबायचं किती याचा काही अंदाज बांधला होता.

पण चाळीस दिवस आणि वर सहा आठवडे, म्हणजे जवळपास तीन महिने झाले. तीन महिने रिकामं खोपट कुणाला परवडतं? ज्याचं पोट त्या खोपटावर आहे, त्याला तीन आठवडेसुद्धा जड जातात. नानांनी घाई केली, असं आज म्हणणं सोपं आहे. हैतीच्या शेतकऱ्यानं डुक्कर लपवलं, आसामातल्या कुणी मेलेलं जनावर नदीत सोडलं, तेही याच घाईनं. विषाणूला वाट बघायला काही लागत नाही. गरीब माणसाला वाट बघायची तर त्या दिवसांची भाकर कुणीतरी द्यावी लागते. स्पेननं ती दिली, म्हणून तिथं चाळीस दिवस हा आकडा उपयोगी पडला. हैतीत नुसता आकडा पोहोचला. प्रयोगशाळेतली उत्तरं आता नेमकी झाली आहेत. ती उंबऱ्याबाहेर उभ्या असलेल्या माणसापर्यंत न्यायचं काम उरलं आहे.

वडील जाऊन आता बरीच वर्षं झाली. वखारही राहिली नाही, तिथं आता सिमेंटचं दुकान आहे. पण नानांचं घर उठल्यानंतर वडिलांनी एक सवय लावून घेतली होती, ती मला चांगली आठवते. भट्टीतून नवा माल आला की ते प्रत्येक ढिगामागच्या भिंतीवर कोळशानं तारीख लिहीत. गिऱ्हाईक फुकट मागायला आलेलं असो की रोख मोजणारं, ते आधी तारीख बघत आणि मगच घमेलं उचलत. आम्ही पोरं त्या तारखांवरून पाढे म्हणायचो. त्या का लिहिल्या आहेत, हे त्यांनी आम्हाला कधी सांगितलं नाही.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)